अळवावरचे पाणी आणि मोटारीचा रंग : फवारलेपांचे पृष्ठरसायन

मोटारगाडी धुऊन झाल्यावर तिच्या रंगावर फवारावयाचे आणि मऊ फडक्याने लागलीच पुसून घ्यावयाचे असे द्रव ‘स्प्रे सीलंट’ या नावाने बाजारात मिळतात. प्रस्तुत लेखात त्यांना सोयीसाठी ‘फवारलेप’ म्हटले आहे. त्यांच्याविषयी सामान्यतः तीन गोष्टी सांगितल्या जातात : रंगास झळाळी येते, पाणी व धूळ त्यावर ठरत नाही, आणि उन्हापासून रंगाचे रक्षण होते. हे तिन्ही दावे एकाच पारड्यात घालून तोलण्याजोगे नाहीत. एक बऱ्याच अंशी खरा आहे, एक अर्धवट खरा आहे, आणि एक साध्या गणितापुढेही टिकत नाही.

या परीक्षेसाठी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्याची भूमी डोळ्यांसमोर ठेवली आहे, ती सकारण. पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ म्हणून ओळखला जाणारा आणि आता ५३ हा क्रमांक धारण करणारा सुरत-धुळे रस्ता साक्रीवरूनच जातो. कोंडाईबारीचा घाट चढून-उतरून येणाऱ्या मालमोटारींची धूळ व काजळी त्याच्या दोन्ही कडांना बसते. तालुक्यातील शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॅट क्षमतेचा सौरविद्युत् प्रकल्प २०१३ साली सुरू झाला, आणि ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत. ऊन आणि वारा यांच्या विपुलतेस याहून निराळा दाखला नको. भूगर्भात दख्खनचा बेसाल्ट खडक असल्यामुळे विहिरींचे व विंधनविहिरींचे पाणी बहुधा जड. तात्पर्य, रंगाचे तीन वैरी, ऊन, धूळ आणि क्षारयुक्त पाणी, येथे एकत्र नांदतात.

प्रथम रंग म्हणजे काय ते पाहू. आजच्या मोटारीच्या पत्र्यावर एक लेप नसून चार-पाच लेपांची उतरंड असते. पोलादावर फॉस्फेटचा अतिशय पातळ थर, त्यावर विद्युत्-निक्षेपणाने बसविलेला गंजरोधक थर, मग पृष्ठ समतल करणारा थर, त्यावर प्रत्यक्ष रंगद्रव्य असलेला थर आणि सर्वांत वर पारदर्शी लेप. सर्व मिळून जाडी शंभर ते सव्वाशे मायक्रोमीटरच्या आसपास, म्हणजे मनुष्याच्या केसाहून फारशी अधिक नव्हे. यांपैकी पारदर्शी लेप सुमारे चाळीस मायक्रोमीटरचा असतो. तो ॲक्रिलिक बहुवारिकाच्या साखळ्या मेलॅमाइनने अथवा आयसोसायनेटने परस्परांस जोडून तयार केलेला असतो. झळाळी म्हणून जी आपण पाहतो ती या लेपाच्या पृष्ठाची, आणि ऊन सोसण्याचे कामही त्याचेच.

आता फवारलेपात काय असते? बहुतेक भाग पाणी, क्वचित थोडा अल्कोहोलसारखा विद्रावक, आणि दोन-चार टक्के घन वा तैल द्रव्य. हे द्रव्य प्रायः सिलिकोनच्या वर्गातले असते आणि त्याचे पाण्यात पायस केलेले असते. काही प्रकारांत सिलिकाचे अतिसूक्ष्म कण किंवा पुढे सिलिकाचे जाळे विणणारी संयुगेही घालतात. विसाव्या शतकाच्या आरंभी नॉटिंगहॅम येथे किपिंग यांनी सिलिकॉनच्या सेंद्रिय संयुगांचा पाया घातला. १९४० मध्ये रोचो यांनी त्यांच्या निर्मितीची सरळ रीत शोधली तेव्हा ती द्रव्ये कारखान्यात मुबलक बनू लागली. त्यापूर्वी रंग चमकविण्याचे काम ब्राझीलमधील ताडवर्गीय वृक्षाच्या पानांवरील कार्नौबा मेणाकडे होते. ते आजही चालते, परंतु त्यास घासावे लागते. फवारलेपाचे खरे आकर्षण श्रम वाचविण्यात आहे.

सिलिकोनच्या साखळीचा कणा सिलिकॉन व ऑक्सिजन यांच्या आळीपाळीने येणाऱ्या अणूंचा असतो आणि त्यास दोन्ही बाजूंनी मिथिल गट लोंबत असतात. काही ठिकाणी मुद्दाम अमिनो गट जोडलेले असतात. पाण्यात हे अमिनो गट धनभारित होतात. थोडा जुना झालेला रंगलेप किंचित ऋणभारित असतो. साहजिकच अमिनो गट रंगास बिलगतात आणि मिथिल गट हवेकडे तोंड करून राहतात. कामाची गुरुकिल्ली येथे आहे. पाण्याचा पृष्ठताण २० अंश सेल्सिअसला मीटरमागे सुमारे ७३ मिलिन्यूटन असतो, तर मिथिल गटांनी झाकलेल्या पृष्ठाची ऊर्जा त्याच मापात विसाच्या घरात. अशा पृष्ठावर पसरण्यापेक्षा पाणी स्वतःस आवरून थेंब होणे पसंत करते. टॉमस यंग यांनी १८०५ मध्येच या थेंबाचा पृष्ठाशी होणारा कोन हे तीन ताणांच्या तोलाचे फल असल्याचे दाखविले होते.

आता या पापुद्र्याच्या जाडीचा हिशेब करू, कारण पुढील सर्व निर्णय तिच्यावर अवलंबून आहेत. मध्यम मोटारीचे रंगविलेले क्षेत्र दहा चौरस मीटर धरू. तिला तीस मिलिलिटर फवारलेप लागला आणि त्यात दोन टक्के द्रव्य असले, तर एकूण ०·६ ग्रॅम द्रव्य दहा चौरस मीटरवर पसरले. घनता पाण्याइतकी मानल्यास जाडी साठ नॅनोमीटर होते. तीही फडक्यास काहीच लागले नाही असे मानून, जे अर्थातच खरे नाही. म्हणजे चाळीस मायक्रोमीटरच्या पारदर्शी लेपावर आपण त्याच्या साडेसहाशेव्या हिश्शाहूनही पातळ पापुद्रा चढविला.

या आकड्याच्या उजेडात उन्हाचा दावा पाहावा. जंबुपार किरण बहुवारिकाच्या साखळ्या तोडतात, त्यातून मुक्त मूलके निर्माण होतात, आणि ऑक्सिजनच्या साहाय्याने ही तोडफोड साखळीने पुढे चालते. लेप ठिसूळ होतो, त्यास बारीक तडे जातात, शेवटी तो खवल्यांसारखा सुटतो. हे टाळण्यासाठी कारखान्यातच पारदर्शी लेपात जंबुपार किरण शोषणारे द्रव्य एखाद-दोन टक्के मिसळलेले असते आणि मुक्त मूलकांना निष्प्रभ करणारी अमाइन संयुगेही असतात. शोषण हे द्रव्याच्या प्रमाणावर आणि थराच्या जाडीवर, म्हणजे त्यांच्या गुणाकारावर, अवलंबून असते. चाळीस मायक्रोमीटरमध्ये एक टक्का द्रव्य जेवढे शोषते तेवढेच शोषण साठ नॅनोमीटरच्या पापुद्र्याने करावयाचे, तर त्यात शोषकाचे प्रमाण साडेसहाशे टक्क्यांहून अधिक असावे लागेल! शंभर टक्के शुद्ध शोषक फासला तरी हे साधणार नाही. यास्तव ‘उन्हापासून संरक्षण’ हे शब्द बाटलीवर वाचून जो ग्राहक साक्रीच्या मे महिन्यात गाडी दिवसभर उघड्यावर उभी करील, तो आपले पैसे आणि रंग दोन्ही गमावील. कडुनिंबाची सावली या कामी कोणत्याही फवाऱ्याहून सरस. मात्र झाडावरील पक्ष्यांची विष्ठा त्याच दिवशी ओल्या फडक्याने मऊ करून काढावी, कारण उन्हाने तापून नरम झालेल्या लेपात ती कायमचा वण उठविते.

झळाळीचा प्रश्न अधिक मनोरंजक आहे. पारदर्शी लेपाचा वक्रीभवनांक सुमारे १·५ आणि सिलिकोनचा १·४. लंब पडणाऱ्या प्रकाशाचा पहिल्याच्या पृष्ठावरून चार टक्के भाग परत फिरतो, दुसऱ्याच्या पृष्ठावरून तीन टक्क्यांहून थोडा कमी. म्हणजे तत्त्वतः फवारलेपाने परावर्तन वाढावयाचे नसून अंशमात्र घटावयाचे! मग डोळ्यांस चमक वाढलेली का दिसते? उत्तर असे की, जुन्या रंगाच्या पृष्ठावर अतिसूक्ष्म खडबडीतपणा असतो आणि तो प्रकाशास सर्व दिशांनी विखुरतो. त्या विखुरलेल्या प्रकाशाने गडद रंग पांढुरका, फिकट भासतो. खड्डे अंशतः भरले गेले की विखुरणे घटते आणि खालच्या रंगाची खोली उघडी होते. ओला दगड कोरड्याहून काळा दिसतो त्यातलाच हा प्रकार. यावरून दोन गोष्टी निघतात. काळ्या वा गडद निळ्या गाडीवर परिणाम दिसतो, पांढऱ्या गाडीवर तो जवळजवळ दिसत नाही. आणि नव्या गुळगुळीत रंगावर त्यास करण्यासारखे फारसे काही उरतच नाही. उन्हात फिरत्या कोळिष्टकासारखे दिसणारे ओरखडे मात्र साठ नॅनोमीटरने बुजत नाहीत. त्यांस पॉलिशच हवे, आणि पॉलिश म्हणजे पारदर्शी लेपाचा थोडा भाग घासून कमी करणे.

पाण्याचा दावा खरा आहे, पण तो कोठवर खरा ते पाहिले पाहिजे. क्षणभंगुरतेसाठी आपण ‘अळवावरचे पाणी’ म्हणतो. त्या पानावरून थेंब नुसता टिकत नाही असे नव्हे, तर जाताना धूळही बरोबर नेतो. कमळाच्या पानाच्या बाबतीत बार्टलॉट आणि नाइनहुइस यांनी १९९७ मध्ये या गुणाचे सविस्तर विवेचन केले. पानावर मेण असते हे अर्धे कारण, आणि त्या मेणाचे सूक्ष्म उंचवटे हे दुसरे अर्धे. थेंब उंचवट्यांच्या टोकांवर विसावतो, खाली हवा राहते, आणि स्पर्शकोन दीडशे अंशांपलीकडे जातो. गुळगुळीत पृष्ठावर उत्तमात उत्तम द्रव्य वापरूनही हा कोन १२० अंशांच्या फार पुढे नेता येत नाही, आणि सिलिकोनचा तर १०० ते ११० च्या दरम्यान. अळवाचा खडबडीतपणा रंगास द्यावा, तर वर पाहिल्याप्रमाणे प्रकाश विखुरेल आणि झळाळी जाईल. थोडक्यात, अळवाचे पान चकाकत नाही ते उगीच नव्हे. मोटारीला पानाचा गुण आणि आरशाची चमक एकाच वेळी देता येत नाही.

थेंब न घरंगळता तेथेच वाळला तर काय होते? साक्रीच्या वाचकास हाच प्रश्न जवळचा. पाण्यातील कॅल्शियम बायकार्बोनेट वाळताना कार्बोनेट होऊन बसते, आणि बेसाल्टमधून आलेल्या पाण्यात विरघळलेली सिलिकाही असते. एकाच आकारमानाचा लहान थेंब घेऊ. जुन्या, लेपरहित रंगावर स्पर्शकोन ४० अंश आणि लेपावर १०५ अंश धरला, तर गोलखंडाच्या सूत्राने पहिल्या थेंबाचे पायथ्याचे क्षेत्र दुसऱ्याच्या तिप्पट येते. क्षार मात्र दोन्हींत सारखेच. म्हणजे लेप दिलेल्या गाडीवर डाग लहान, पण तिप्पट दाट! फवारलेप लावून पुन्हा जड पाण्याने गाडी धुणारे आणि ती उन्हात आपोआप वाळू देणारे लोक पांढऱ्या ठिपक्यांची तक्रार करतात, तिचे मूळ येथे आहे. थेंब भिंगाप्रमाणे ऊन एकवटून रंग जाळतो, हा समज मात्र सोडून द्यावा. पृष्ठास चिकटलेल्या थेंबाचा केंद्रबिंदू पृष्ठाच्या खाली पडतो. कार्बोनेटचा ताजा डाग सौम्य व्हिनेगरने निघतो. सिलिकेचा अशा आम्लास दाद देत नाही.

आणखी एक घरगुती काटकसर येथे अंगाशी येते. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्राने नाकारलेले पाणी वाया जाऊ नये म्हणून कित्येक घरी ते गाडी धुण्यास वापरतात. हेतू स्तुत्य आहे. पण लिटरला ६०० मिलिग्रॅम क्षार असलेल्या पाण्यापैकी अर्धे नाकारले गेले आणि जवळजवळ सर्व क्षार त्यातच राहिले, तर त्याचे प्रमाण १,२०० च्या घरात जाते. असे पाणी चिखल काढण्यास वापरावे. शेवटचे विसळणे साठविलेल्या पावसाच्या किंवा निदान मऊ पाण्याने करावे आणि गाडी लगेच पुसून कोरडी करावी.

धुळीविषयी बोलताना ‘९एच’ या शिक्क्याचा विचार करणे प्राप्त आहे. हे माप पेन्सिलीचे आहे. ठरावीक कोनात पेन्सिल ओढून लेप चिरतो की नाही ते पाहतात, आणि ९एच ही त्या संचातील सर्वांत कठीण पेन्सिल. खनिजांच्या मोस मापनक्रमाशी त्याचा संबंध नाही. परंतु नऊ हा आकडा पाहून तो क्रम आठवतो आणि ग्राहकाची समजूत अशी होते की लेप हिऱ्याच्या खालोखाल कठीण आहे. इकडे धुळीत काय असते? काळ्या मातीतील चिकणखनिजे मऊ असतात. पण बेसाल्टमधील फेल्डस्पार मोसच्या सहाच्या घरातले, आणि त्या खडकाच्या पोकळ्यांत भरलेला गारगोटीचा वर्ग सातच्या जवळपास. रोज सकाळी कोरड्या फडक्याने गाडी झटकण्याची जी सार्वत्रिक सवय आहे, ती या कणांनी रंग घासण्याचीच क्रिया होय. फवारलेपाने घर्षण कमी होते, म्हणून ओरखडे काही अंशी घटतात. पण कोरडे फडके चालूच राहिले तर तो पापुद्रा आठवडाभरही टिकणार नाही. आधी भरपूर पाण्याने धूळ सोडवावी, मगच हात लावावा.

शिवाजीनगरच्या सौरपट्ट्यांपुढेही धुळीचा हाच प्रश्न आहे. तेथे काचेवर पाणी थेंब होऊन घरंगळावे की पातळ पडदा होऊन धूळ धुऊन न्यावी, असे दोन्ही मार्ग अशा प्रकल्पांसाठी विचारात घेतले जातात. फरक इतकाच की, तेथे लेपाचा गुणदोष विजेच्या युनिटांत मोजता येतो. मोटारीच्या बाबतीत मालकाचा डोळा हेच मापनयंत्र, आणि नुकतेच पैसे खर्च केलेला डोळा उदार असतो.

लावण्याची रीत फार सांगावयास नको. पत्रा तापलेला असताना फवारू नये, कारण पाणी पसरण्यापूर्वीच उडून जाते आणि पट्टे उमटतात. उन्हाळ्यात साक्रीस हे काम सकाळीच उरकावे. अधिक फवारल्याने थर जाड होत नाही, फक्त फडके भिजते. समोरच्या काचेवर व ब्रेकच्या चकत्यांवर तुषार जाऊ देऊ नयेत. पहिल्याने रात्री समोरच्या दिव्यांचा प्रकाश काचेवर फाकतो, दुसऱ्याने काय होईल ते सांगणे नलगे. लेप काही आठवड्यांपासून दोन-चार महिन्यांपर्यंत टिकतो. पाण्याचे थेंब होणे थांबले म्हणजे लेप गेलाच असे मात्र समजू नये. पुष्कळदा त्यावर काजळीचा थर बसलेला असतो, आणि साबणाच्या एका धुण्याने थेंब परत दिसू लागतात.

एक सूचना गॅरेजवाल्यांसाठी. रस्त्यालगतच्या एकाच शेडमध्ये धुणे, चमकविणे आणि डेंटिंग-पेंटिंग ही तिन्ही कामे चालतात. सिलिकोनचा कणभर तुषार नव्याने रंगवावयाच्या पत्र्यावर पडला, तर त्या बिंदूपाशी ओल्या रंगाचा पृष्ठताण खालावतो, रंग तेथून भोवतालच्या अधिक ताणाच्या भागाकडे ओढला जातो आणि माशाच्या डोळ्यासारखे वाटोळे खड्डे पडतात. कारागीर दोष रंगाच्या डब्यास देतो, घासतो, पुन्हा मारतो, आणि खड्डे पुन्हा येतात, कारण घासण्याने सिलिकोन पसरते, जात नाही. पत्रा घासण्यापूर्वी विद्रावकात भिजविलेल्या स्वच्छ फडक्याने पुसावा, दुसऱ्या कोरड्या फडक्याने तो विद्रावक उडण्याआधीच टिपून घ्यावा, आणि फवाऱ्याची बाटली रंगकामाच्या जागेपासून वारा जिकडे वाहत जातो त्या दिशेस, निदान भिंतीपलीकडे ठेवावी.