फुकट जमिनीचें मोल

उत्तर अमेरिकेच्या मध्यभागीं नेब्रास्का नांवाचें राज्य आहे. दृष्टि पोंचेल तेथवर गवताळ माळ, मध्येंच एखादा उंचवटा, आणि त्यावर काळसर हिरव्या झाडांच्या आडोशाला वीस-पंचवीस थडगीं, असें दृश्य तेथील खेड्यांतून जागोजाग दिसतें. आपल्याकडे वेशीजवळचा वीरगळ जशी एखाद्या लढाईची हकीकत सांगतो, तशीच हीं थडगीं एका कायद्याची हकीकत सांगतात. ती कशी वाचावी, एवढेंच आज मी सांगणार आहें.

२० मे १८६२ रोजीं अध्यक्ष लिंकन यांनीं ‘होमस्टेड’ कायद्यावर सही केली. एकंदर १८ डॉलर फी भरावी, १६० एकर सरकारी जमीन निवडावी, तींत घर बांधून पांच वर्षें राहावें व ती कसावी, म्हणजे ती आपल्या मालकीची, असा तो कायदा होता. तो १ जानेवारी १८६३ रोजीं अंमलांत आला, आणि त्याच दिवशीं नेब्रास्कांतील बिॲट्रिस गांवाजवळच्या जमिनीसाठीं डॅनियल फ्रीमन ह्यानें आपला अर्ज नोंदविला. तो व त्याची पत्नी ॲग्नेस हीं त्याच जमिनींत विसावलीं आहेत, आणि ती जागा सरकारनें स्मारक म्हणून राखली आहे. पुढें देशभर सुमारें १६ लाख अर्जदारांना अशा सनदा मिळाल्या.

कागदावर जमीन फुकट होती. खरी किंमत होती ती पांच वर्षें तग धरण्याची. माळावर लांकूड जवळजवळ नव्हतेंच. गवताच्या मुळ्यांनीं विणलेली जमीन नांगरानें उकलून तिच्या लांबट विटा कापावयाच्या व त्यांचेंच घर रचावयाचें. पाऊस लागला कीं छपरांतून चिखल गळे. घरांत कोणी दगावलें, तर शवपेटीसाठीं पुष्कळदां गाडीच्याच फळ्या काढाव्या लागत. डोक्याशीं एक फळी किंवा साधा धोंडा रोवीत. फळी कुजून जाई, नाहीं तर माळाच्या वणव्यांत जळून जाई. कोरीव दगड बसला तो बहुधा मागाहून, रेल्वे आल्यावर आणि हातांत चार पैसे आल्यावर. म्हणून दोन थडग्यांमध्यें मोकळी जागा दिसली, तर ती रिकामीच आहे असें समजूं नये.

आतां दगडांवरील अक्षरें पाहूं. लहान दगडावर निजलेलें कोंकरूं कोरलेलें असेल, तर तें मुलाचें थडगें. त्याचें वय वर्षें, महिने आणि दिवस असें मोजून लिहिलेलें असतें. एकाच आडनांवाचीं तीन-चार मुलें एका आठवड्यांत गेलेलीं दिसलीं, तर बहुधा तो घटसर्प समजावा. हा रोग श्वासावाटे पसरतो, घशांत पडदा धरतो व श्वास कोंडतो. आणि एका खोलींत एका बिछान्यावर निजणाऱ्या भावंडांना दूर ठेवावें तरी कोठें? त्यावरील प्रतिविषाचा शोध बेरिंग व किटासाटो यांनीं १८९० सालीं जाहीर केला. ह्यांतील कित्येक मुलें त्यापूर्वींच गेलीं होतीं. आईच्या व तान्ह्या बाळाच्या दगडांवर जवळजवळ एकच तारीख असेल, तर कित्येक कोसांत डॉक्टर नव्हता हें ध्यानांत घ्यावें. आणि १२ जानेवारी १८८८ ही तारीख दिसली, तर तें हिमवादळ. त्या दिवशीं सकाळ उबदार होती, म्हणून मुलें जाड कपड्यांवांचूनच शाळेंत गेलीं. पुढें वादळानें त्यांना घराच्या वाटेवर गांठलें. त्या वादळांत सुमारें २३५ माणसें मेलीं, असा अंदाज आहे.

ह्याहून कठीण प्रसंग वांचलेल्यांवर येई. १८७४ सालच्या टोळधाडीनें उभीं पिकें फस्त केलीं, अवजारांच्या लांकडी मुठी देखील कुरतडल्या. अनेक कुटुंबें माघारीं फिरलीं. जमीन सोडतां येत होती. पण त्या जमिनींत ठेवलेलें मूल बरोबर नेतां येत नव्हतें.

एक गोष्ट मात्र ह्या दगडांवर मुळींच लिहिलेली नाहीं. हा माळ ओसाड नव्हता. पॉनी लोकांचीं गांवें व त्यांच्या पूर्वजांचीं दफनस्थानें येथें होतीं. १८७० नंतरच्या कांहीं वर्षांत ते आजच्या ओक्लाहोमा राज्यांत गेले, आणि मागें त्यांचीं थडगीं उकरून अस्थि संग्रहालयांत नेण्यांत आल्या. त्या वंशजांना परत देण्याचा कायदा नेब्रास्कानें १९८९ सालीं केला.

सरकारी दप्तरांत सनद मिळालेल्यांचीं नांवें आहेत. परंतु ती जमीन खरोखर कितीला पडली, ह्याचा जमाखर्च दप्तरांत नाहीं; तो त्या उंचवट्यावर आहे, आणि त्यांतील पुष्कळ रकाने कोरेच आहेत.