‘एफ-५’ दाबण्यापूर्वी

निकालाच्या दिवशी घरोघरी एकच दृश्य दिसते. मुलगा संगणकासमोर, आईवडील त्याच्या मागे उभे आणि त्याचे बोट ‘एफ-५’ या बटणावर. पान उघडत नाही, तसतसे बटण अधिक जोरात दाबले जाते. पण या बटणाने नेमके होते काय?

एखादे संकेतस्थळ पहिल्यांदा उघडले, की ब्राउझर त्यातली चित्रे, मांडणी वगैरे आपल्याच संगणकात साठवून ठेवतो. या साठ्याला ‘कॅशे’ म्हणतात. त्यामुळे पुढच्या वेळी पान लवकर उघडते. ‘एफ-५’ किंवा ‘कंट्रोल’ आणि ‘आर’ दाबले, की ब्राउझर सर्व्हरकडे पान पुन्हा मागतो. बदल नसलेल्या गोष्टींसाठी सर्व्हर ‘३०४’ हा क्रमांक पाठवू शकतो. मग साठवलेलीच प्रत वापरली जाते. पान विस्कटलेले दिसत असेल किंवा जुनीच माहिती दाखवत असेल, तर ‘कंट्रोल’, ‘शिफ्ट’ आणि ‘आर’ एकत्र दाबावे. तेव्हा साठा बाजूला ठेवून सगळे नव्याने मागवले जाते. मॅकवर क्रोम वापरताना ‘कंट्रोल’ऐवजी ‘कमांड’ दाबावे.

गर्दीच्या वेळी मात्र घाई अंगाशी येते. बटण दाबले, की आधीची मागणी अर्धवट सुटते, नवी सुरू होते आणि सर्व्हरवरचा भार आणखी वाढतो. ‘५०३’ असा संदेश आला, तर सर्व्हर त्या क्षणी सेवा देऊ शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. काही मिनिटे थांबणे हाच उपाय.

खरा धोका पैसे भरताना असतो. परीक्षा शुल्क भरताना चक्र फिरत राहिले, की हात आपसूक ‘एफ-५’कडे जातो. ‘अर्ज पुन्हा पाठवायचा का?’ असे ब्राउझर विचारतो आणि घाईत ‘हो’ म्हटले जाते. तीच मागणी दुसऱ्यांदा गेल्याने पैसे दोनदा कापले जाऊ शकतात. अशा वेळी आधी बँकेचे खाते तपासावे, मगच पुढचे पाऊल टाकावे.

विंडोजच्या डेस्कटॉपवर ‘रिफ्रेश’ केल्याने संगणक वेगवान होतो, हाही गैरसमजच. त्याने पडद्यावरची चिन्हे पुन्हा मांडली जातात. मेमरी मोकळी होत नाही.

पान आपोआप सारखे लोड होत असेल, तर बटणही अडकलेले असू शकते. अशा वेळी संगणक बंद करावा, वेगळा कीबोर्ड असेल तर त्याची वायर काढावी. कीबोर्ड उलटा धरून हलकेच थोपटला, की चिवड्याचे कण, धूळ खाली पडते. नंतर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलसर केलेल्या कापडाने बटणे पुसावीत. द्रव थेट कीबोर्डवर ओतू नये आणि पूर्ण वाळल्याशिवाय संगणक सुरू करू नये.

निकाल तर लागलेलाच असतो. बटण दहा वेळा दाबून त्यात एका गुणाचाही फरक पडत नाही.