धुराचा रंग आणि इंजिनाचे दुखणे

२०११ सालच्या मे महिन्यात आम्ही पुण्याहून साताऱ्याकडे निघालो होतो. गाडी १९९७ सालची, तीन सिलिंडरची, कार्बुरेटरवर चालणारी छोटी पेट्रोल गाडी. खंबाटकी घाटाच्या निम्म्यावर ती एकाएकी उचलेनाशी झाली. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी दुसऱ्या गिअरमध्ये धापा टाकू लागली, थरथरू लागली आणि आरशात पाहावे तो मागे पांढऱ्या धुराचा लोट. तापमानाचा काटा आधी लाल रेषेकडे गेला होता. मग तो आपोआप खाली आला. इंजिन थंड झाले असे समजून आम्ही गाडी आणखी अर्धा किलोमीटर रेटली. ही चूक होती. ती का, ते पुढे येईल.

एका टेम्पोने टोचन करून आम्हांला घाटापलीकडच्या गॅरेजपर्यंत आणले. तिथल्या मिस्त्रींनी आमचे वर्णन ऐकूनच निकाल दिला, "रिंगा गेल्या साहेब. इंजिन उतरवून बोअर करावं लागेल." खर्चाचा अंदाज ऐकून गाडी दुरुस्त करावी की भंगारात द्यावी, असा प्रश्न पडला. म्हणजे निदान बरोबर आहे की नाही याला आता चांगलीच किंमत होती.

आधी धुराकडे पाहू. पेट्रोल हे हायड्रोजन आणि कार्बन यांच्या संयुगांचे मिश्रण. त्यातले ऑक्टेन उदाहरणादाखल घेतले, तर ११४ ग्रॅम ऑक्टेन पूर्ण जळल्यावर १६२ ग्रॅम पाणी आणि ३५२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हा हिशेब अकरावीचा विद्यार्थीही समीकरणावरून करू शकेल. एक लिटर पेट्रोलचे वजन सुमारे पाऊण किलो. म्हणजे एक लिटर पेट्रोल जाळणारी गाडी जवळजवळ एक लिटर पाणीही बाहेर टाकते! ते वाफेच्या रूपात जाते म्हणून दिसत नाही. थंडीच्या सकाळी सायलेन्सरमधून निघणारी पांढरी वाफ आणि टपकणारे थेंब हेच ते पाणी. तो रोग नव्हे. मात्र भर मे महिन्यात, तापलेल्या इंजिनातून दाट पांढरा लोट निघत असेल तर हे जास्तीचे पाणी आले कुठून, हे शोधायला हवे.

काळा धूर म्हणजे न जळलेला कार्बन, काजळी. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. चोक अडकला किंवा एअर फिल्टर धुळीने बुजला की हवा कमी पडते आणि कार्बन अर्धवट राहतो. काजळी प्रकाश शोषते म्हणून काळी दिसते.

निळसर धूर असतो इंजिन ऑइलचा. तो निळा का? ऑइल स्वतः निळे नाही. पण त्याच्या वाफेतून बनणारे कण अतिशय बारीक, प्रकाशाच्या तरंगलांबीएवढे किंवा त्याहून लहान असतात. असे कण लाल प्रकाशापेक्षा निळा प्रकाश अधिक विखुरतात. आकाशाच्या निळेपणामागचे कारण याच जातीचे. पाण्याचे थेंब त्या मानाने मोठे, काही मायक्रॉनचे. ते सगळे रंग सारखेच विखुरतात म्हणून ढगासारखे पांढरे दिसतात. हे वर्गात दाखवायला उदबत्ती पुरते. खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेत उदबत्तीचा धूर काळ्या कागदासमोर निळसर दिसतो. तोच धूर उजेडाच्या दिशेने पाहिला तर तपकिरी झाक येते, कारण निळा भाग वाटेत बाजूला फेकला गेलेला असतो.

तर मिस्त्रींच्या म्हणण्याप्रमाणे पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या तर ऑइल वर चढून जळले असते, धूर निळसर झाला असता आणि बराच वेळ हवेत रेंगाळला असता. आमचा लोट पांढरा होता आणि काही मीटरवर विरत होता. शिवाय रिंगा हळूहळू झिजतात. घाटाच्या पायथ्याशी ठीक असलेली गाडी निम्म्यावर एकाएकी कोलमडावी, हे झिजेच्या स्वभावात बसत नव्हते. मिस्त्रींनी हे ऐकून घेतले आणि म्हणाले, "मग बघूच की." पुढच्या चाचण्या त्यांनीच केल्या, आणि त्या आमच्या प्रयोगशाळेतल्या कुणालाही शोभतील इतक्या नेटक्या होत्या.

पहिली चाचणी प्लगच्या वायरींची. इंजिन सुरू ठेवून एकेक वायर क्षणभर काढायची. (इथे हजारो व्होल्टचा दाब असतो, जाणकाराशिवाय करू नये, आणि आजच्या इलेक्ट्रॉनिक गाड्यांत तर मुळीच नको.) चालू सिलिंडरची वायर काढली की इंजिन अडखळते. मधल्या सिलिंडरची वायर काढल्यावर काहीच फरक पडला नाही. म्हणजे तो आधीच बंद होता. तीन सिलिंडरच्या चार स्ट्रोकी इंजिनात दर २४० अंशांनी एक ठोका पडतो. एक सिलिंडर गेला की मध्ये ४८० अंशांची पोकळी राहते. थरथर त्याचीच. शक्ती मात्र एक तृतीयांशाहूनही जास्त जाते, कारण मेलेल्या सिलिंडरचा पिस्टन उरलेल्या दोघांना ओढत न्यावा लागतो.

दुसरी चाचणी दाबाची. तिन्ही प्लग काढून, गेज लावून, स्टार्टरने इंजिन फिरवले. दर चौरस सेंटिमीटरला कडेचे दोन्ही सिलिंडर १२ किलो, मधला ५. काढलेल्या प्लगपैकी कडेचे दोन तपकिरी होते. मधला मात्र धुऊन काढल्यासारखा स्वच्छ. हे स्वच्छपण संशयास्पद होते.

दाब निसटायला वाटा मुख्यतः तीन: रिंगा, व्हॉल्व्ह, नाही तर ब्लॉक आणि हेड यांच्या मधले गॅस्केट. मिस्त्रींनी मधल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडले आणि पुन्हा गेज लावले. ऑइल रिंगांच्या फटी तात्पुरत्या बुजवते. दोष तिथे असता तर आकडा चढला असता. तो ५ वरच राहिला. रिंगा निर्दोष सुटल्या! मग इंजिन पूर्ण थंड होऊ दिले, रेडिएटरचे झाकण काढून पाणी काठोकाठ भरले आणि प्लग बसवून इंजिन सुरू केले. पाण्यातून लगेच बुडबुडे येऊ लागले. जळलेल्या वायूंना पाण्याच्या मार्गात शिरायला वाट होती आणि त्याच वाटेने पाणी सिलिंडरमध्ये येत होते.

हेड उघडल्यावर मधल्या सिलिंडरच्या कडेला गॅस्केट बोटाच्या पेराएवढे जळालेले दिसले. नवे गॅस्केट, हेडला लेथवर फेस मारणे आणि मजुरी, एवढ्यावर काम भागले.

आता ती चूक. रेडिएटरमधले पाणी आधीच कमी असावे. आम्ही निघताना पाहिलेच नव्हते. तापमानाचा संवेदक पाण्यात बुडालेला असेपर्यंतच खरे सांगतो. पाणी त्याच्या खाली उतरले की तो नुसत्या वाफेत आणि हवेत राहतो, आणि काटा खाली येऊ शकतो. इंजिन सर्वांत जास्त तापलेले असताना काटा आम्हांला धीर देत होता. तो अर्धा किलोमीटर गॅस्केटला बहुधा चांगलाच भोवला.

आणखी एक पुरावा आम्हीच आधी नाहीसा केला होता. रेडिएटरमध्ये कूलंट, म्हणजे एथिलीन ग्लायकॉल मिसळलेले पाणी, असते तर धुराला गोडसर वास आला असता. आम्ही वर्षभर नळाचे पाणीच ओतत होतो. (ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असते, मुले आणि पाळीव जनावरे यांच्यापासून ते दूर ठेवावे.) ऑइलची पट्टीही पाहिली होती. पाणी ऑइलमध्ये मिसळले असते तर पट्टीवर ताकासारखा दुधाळ थर दिसला असता. तो नव्हता, हे नशीब. पाणी मिसळलेले ऑइल बेअरिंगांना वंगण पुरवू शकत नाही आणि मग खरोखरच इंजिन उतरवावे लागते.

घाटात एक गोष्ट मात्र आम्ही केली नाही: झाकण उघडले नाही. रेडिएटर हा प्रेशर कुकरच आहे. झाकणाची स्प्रिंग वातावरणाच्या दाबावर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.९ किलो जादा दाब धरून ठेवते, त्यामुळे साधे पाणीही ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते. झाकण सैल होताच दाब उतरतो, १०० अंशांच्या वरचे पाणी त्याच क्षणी उकळून तोंडावर उसळते. शेजारच्या गाडीतले एक गृहस्थ फडके घेऊन उघडायला पुढे सरसावलेच होते. त्यांना थांबवायला आम्हांला कुकरचेच उदाहरण द्यावे लागले.