पगारातील आयकर : एकट्या कमावत्याची निवड
(लेखांक सातवा)

पगारपत्रकातील भविष्य निर्वाह निधीच्या कपातीचा तपशील गेल्या लेखांकात पाहिल्यानंतर, त्याच कागदावर दोन ओळी खाली छापलेल्या आयकराच्या रकमेचा विचार आता क्रमप्राप्त आहे. सावनेरच्या कोळसा खाणीत रुजू झालेल्या अविवाहित तरुणाची पुष्कळदा अशी समजूत असते की, आपले लग्न झालेले नसल्यामुळेच आपला कर अधिक कापला जातो. ही समजूत निराधार आहे. अमेरिकेत नोकरदाराला आपण एकटे की विवाहित हे मालकास लिहून द्यावे लागते, आणि २०२० पूर्वी तर सवलतींची संख्याही त्यालाच ठरवावी लागे. आपल्याकडे मात्र कर बसतो तो व्यक्तीवर, दांपत्यावर नव्हे.

मग निवड कशाची? करप्रणालीची. आयकर कायद्यान्वये मालक वर्षाच्या एकूण वेतनाचा अंदाज बांधतो आणि त्यावरील कर महिन्यांत विभागून कापतो; त्यासाठी वर्षारंभी तो जुनी की नवी अशी विचारणा करतो, आणि कामगाराने उत्तर दिले नाही तर, २०२३-२४ पासून, नवीच प्रणाली गृहीत धरली जाते.

हे मौन एकट्या कमावत्याला बहुधा लाभदायकच ठरते. २०२५-२६ या वर्षी ९ लाख रुपये वेतन असलेला, घरभाडे वा गृहकर्जाचा बोजा नसलेला तरुण घ्या. नव्या प्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन उरलेले ८ लाख २५ हजार १२ लाखांच्या मर्यादेत बसतात आणि कर शून्य होतो. जुन्या प्रणालीत ५० हजारांची प्रमाणित वजावट, अडीच हजारांचा व्यवसाय कर आणि भविष्य निर्वाह निधी व विमा मिळून पुरे दीड लाख वजा केले, तरी उपकरासह ५४ हजार ८० रुपये कर उरतो. म्हणजे केवळ ‘सगळे जुनीच घेतात’ म्हणून खूण करणाऱ्याच्या हातून दरमहा सुमारे साडेचार हजार रुपये सरकारी खजिन्यात जातात.

येथे एका गोष्टीचा मनापासून विषाद वाटतो. वडिलांच्या आयुर्विम्याचा हप्ता कमावता मुलगा भरतो, हे आपल्या घराघरांतील वास्तव. परंतु जुन्या प्रणालीतही आयुर्विम्याची वजावट स्वतःच्या, पत्नीच्या वा मुलांच्या पॉलिसीपुरतीच मिळते. आईवडिलांच्या आरोग्यविम्याला मात्र २५ हजारांपर्यंत, आणि ते ज्येष्ठ नागरिक असतील तर ५० हजारांपर्यंत, वजावट आहे. ज्याच्या खांद्यावर पत्नीमुलांचा नव्हे, तर वृद्ध मातापित्यांचा भार आहे त्याच्याकडे कायद्याने अधिक सहृदयतेने पाहावयास हवे होते.

दसऱ्याच्या सुमारास बोनस आला की मालक वर्षाचा अंदाज पुन्हा मांडतो. नव्या प्रणालीत एकूण वेतन पावणेतेरा लाखांपलीकडे जात असेल तर उरलेल्या महिन्यांची कपात त्यामुळे एकाएकी वाढते. अशा कामगाराने बँकेतील ठेवींचे व्याजही लेखी कळवावे, कारण कपात वजा जाता १० हजार वा अधिक कर देणे राहत असेल तर अग्रिम कर भरावा लागतो आणि तो न भरल्यास दरमहा १ टक्का व्याज चढते.

एप्रिलमधील निवड चुकली तरी, विवरणपत्र मुदतीत दाखल करताना दुसरी प्रणाली स्वीकारण्याची मुभा पगारदाराला आहे, आणि जादा कापलेली रक्कम परत मिळते. मुदत टळली, तर जुन्या प्रणालीची वाट त्या वर्षापुरती बंद होते.