षड्ज नसलेले संगीत

संगीतकार आर्नोल्ड शोनबर्ग (१८७४–१९५१) हे नाव पाश्चात्त्य संगीताच्या कित्येक रसिकांना आजही नकोसे वाटते. १९१३ साली व्हिएन्नात त्याने संचालन केलेल्या मैफलीत चक्क हाणामारी झाली. बारा सुरांची त्याची पद्धत तर त्यानंतर दहाएक वर्षांनी आली. पेटीच्या एका सप्तकातल्या काळ्या-पांढऱ्या मिळून बारा पट्ट्या. त्यांचा एक क्रम ठरवायचा. बाराही सूर लागेपर्यंत आधीचा सूर पुन्हा घ्यायचा नाही (प्रसंगी शोनबर्ग स्वतःच हा नियम वाकवतो). मग तोच क्रम शेवटाकडून वाजवायचा, किंवा चढाच्या जागी उतार घ्यायचा. बाराही सूर समान ठरल्याने षड्जच उरत नाही आणि कानाला विसावा मिळत नाही; नावडीचे मूळ बहुधा तिथेच आहे. नवख्या श्रोत्याने सुरुवात करावी ती त्याचा शिष्य आल्बान बेर्ग याच्या १९३५ च्या व्हायोलिन कॉन्चेर्तोपासून.