गुणगुण गेली, आवाजही गेला

अंबरनाथ-बदलापूरकडच्या आगरी-कोळी हळदींना बेंजोची साथ हवीच. टाइपरायटरसारख्या कळांचे हे वाद्य मूळचे जपानी. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली ताइशोगोतो घडवले, त्याचेच आपल्याकडचे रूप म्हणजे बुलबुल तरंग ऊर्फ बेंजो. ढोल-ताशाच्या गजरात ते ऐकू यावे म्हणून पोलादी तारांखाली पिकअप बसवला गेला आणि त्याबरोबर इलेक्ट्रिक गिटारची सगळी दुखणीही आली. त्यातले सर्वांत छळणारे दुखणे म्हणजे गुणगुण. ती घालवायला वाद्याच्या पोटात तांब्याची टेप चिकटवतात, आणि बरेचदा त्यानंतर वाद्य मुकेच होते.

अशा वेळी पिकअप जळाला असे ठरवून तो फेकून देणाऱ्यांबद्दल मला फार हळहळ वाटते. बहुतेक वेळा तो बिचारा धडधाकट असतो.

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती तारेचे हजारो वेढे. जॉर्ज बीचम यांनी १९३१ साली अमेरिकेत गिटारसाठी तो बनवला, आणि मूळ रचना आजही तीच आहे. फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये जेमतेम ०.०६ मिलिमीटर जाडीच्या तारेचे साधारण आठ हजार वेढे असतात. त्यांचा रोध सहा किलोओहमच्या आसपास भरतो. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढची सगळी तपासणी त्यावरच चालते.

बेंजोचे दुखणेही तेच, म्हणून तपासणी गिटारवरच पाहू. गिटारला केबल लावा, व्हॉल्यूम पूर्ण उघडा आणि केबलच्या दुसऱ्या बाजूच्या प्लगचे टोक व बाहेरची नळी यांमध्ये मल्टिमीटर धरा. सहा किलोओहमच्या जवळपास दिसले तर पिकअप शाबूत. शून्याजवळ दिसले तर कुठेतरी शॉर्ट. आणि अडीचशे किलोओहम दिसले तर मीटर फक्त व्हॉल्यूमचा पॉट, म्हणजे बटणाखालचा बदलता रोध, मोजतोय, पिकअपची वाट तुटलेली आहे. मीटर इतके स्पष्ट सांगत असताना अंदाजाने सोल्डरिंग गन चालवू नये. बारीक तार उष्णतेने पटकन तुटते.

शॉर्टचा पहिला संशयित जॅक. प्लग आत गेला की जॅकची पाती बाहेर सरकते आणि नव्या टेपला टेकते. म्हणून प्लग नसताना सगळे ठीक दिसते आणि प्लग घातल्यावर आवाज जातो. जॅक खोबणीतून सैल करून बाहेर ओढा; आवाज परतला तर गुन्हेगार सापडला. तिथे इन्सुलेशन टेपचा एक तुकडा पुरतो. स्विच आणि पॉटचे पायही असेच टेकतात.

दुसरा दोष शांत आणि फसवा. टेपचा चिकट थर बरेचदा वीज वाहू देत नाही, त्यामुळे एकावर एक चिकटवलेल्या पट्ट्या डोळ्यांना अखंड दिसतात, पण विजेच्या दृष्टीने सुट्याच असतात. प्रत्येक सांध्यावर सोल्डरचा एक ठिपका हवा, आणि तांब्याच्या प्रत्येक कोपऱ्यापासून जॅकच्या अर्थपर्यंत मीटरची शिटी वाजायला हवी. दोन पिकअप एकत्र लावल्यावर आवाज पातळ, नाकातून आल्यासारखा येत असेल, तर जोडताना एकाच्या तारा उलटसुलट झाल्या आहेत.

एवढे करूनही थोडी गुणगुण उरली तर तांब्याला दोष देऊ नये. पन्नास हर्ट्झच्या घरच्या विजेचे विद्युत क्षेत्र ते अडवते. ट्रान्सफॉर्मर आणि मोटरचे चुंबकीय क्षेत्र मात्र पातळ पत्र्यातून सहज आरपार जाते. गिटार हातात धरून जागच्या जागी वळा. वळताना गुणगुण कमी-जास्त झाली, तर ती चुंबकीय आहे. त्यावर उपाय सेथ लव्हर यांनी गिब्सन कंपनीत १९५५ साली काढला: उलट दिशेची दोन वेटोळी, म्हणजे हमबकर. अंबरनाथसारख्या एमआयडीसी आणि ऑर्डनन्स फॅक्टरीच्या गावात मोटरीचे आणि वाइंडिंगचे हे गणित कळणारी माणसे शोधायला लांब जावे लागत नाही.

एक गोष्ट मात्र जिवाशी आहे. गिटारच्या तारा ब्रिजमधून अर्थला जोडलेल्या असतात, म्हणजे वाजवणाऱ्याची बोटे थेट अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थशी जोडली जातात. मिरवणुकीच्या गाडीवर जनरेटरवरून वाजवायचे असेल, तर अर्थिंग वायरमनकडून आधी तपासून घ्या, आणि मगच प्लग लावा.