गादीतली पांढरी रेघ

‘गादी फाटलीय’ हे दोन शब्द गुडघ्याच्या एमआरआयच्या रिपोर्टात निघाले की पन्नाशीतल्या माणसाचा धीर सुटतो. मांडी घालणं बंद, जिना बंद, घरात ऑपरेशनच्या खर्चाचा हिशेब सुरू. फिल्मवर नेमकं काय दिसलं, हे मात्र त्याला फारसं कुणी समजावून सांगत नाही.

मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन कूर्चा असतात. डॉक्टर त्यांना मेनिस्कस म्हणतात, आपण गादी. एक्स-रेत गादी दिसत नाही. एमआरआय शरीरातल्या पाण्याकडून येणारा संदेश टिपतो. गादीतलं पाणी कोलॅजनच्या घट्ट धाग्यांत जखडलेलं, त्यामुळे तिचा संदेश क्षणात विझतो आणि चित्रात ती काळी उमटते. उभ्या छेदात पुढे-मागे दोन काळेभोर त्रिकोण दिसतात, टोकं एकमेकांकडे वळलेली. चीर पडली की त्या काळ्यात पांढरी रेघ येते. पण दिसली रेघ की फाटली गादी, असं नसतं. रेघ पृष्ठभागापर्यंत पोचलेली हवी आणि निदान दोन छेदांत दिसायला हवी, तेव्हा निदानाला बळकटी येते. आतल्या आत विरणारी रेघ, म्हणजे रिपोर्टातली ‘ग्रेड टू’, ही मोठ्या माणसांत बहुधा वयाची झीज.

कबड्डीत पाय मातीत रोवलेला असतो आणि अंग गर्रकन वळतं, तेव्हा धडधाकट गादीही फाटते. कधी फाटलेली पट्टी बादलीच्या कडीसारखी उलटून सांध्याच्या मधोमध जाते आणि गुडघा अडकतो, सरळच होत नाही. फिल्मवर मागच्या क्रुसिएट लिगामेंटखाली, म्हणजे सांधा बांधून ठेवणाऱ्या काळ्या दोरीखाली, तशीच दुसरी काळी दोरी दिसते. अशा वेळी वेळ दवडू नये. टाके घालून गादी वाचू शकते.

उतारवयातली चीर वेगळी. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात ५० ते ९० वर्षांच्या ९९१ जणांच्या उजव्या गुडघ्याचा एमआरआय काढला गेला. गुडघा दुखतो म्हणून कुणाला निवडलेलं नव्हतं. २००८ साली निष्कर्ष छापून आले: पन्नाशीतल्या १९ टक्के बायकांची आणि सत्तरीपुढच्या ५६ टक्के पुरुषांची गादी फाटलेली किंवा झिजून गेलेली होती. चीर असलेल्यांपैकी ६१ टक्के लोकांचा गुडघा आधीच्या महिनाभरात दुखलाही नव्हता, आखडलाही नव्हता. चीर खरी असते. दुखणं तिचंच आहे का, ते फिल्मवरून कळत नाही. त्यासाठी सांध्याच्या फटीवर अंगठा दाबून, पाय वाकवून बघावं लागतं.

फाटकी कड कापून दुखणं थांबतं का, याची फिनलंडच्या डॉक्टरांनी तर १४६ रुग्णांवर थेट पारख केली. गादी झिजून फाटलेली, पण संधिवात नाही, गुडघा अडकलेला नाही, असे हे ३५ ते ६५ वयाचे लोक. दुर्बीण सगळ्यांच्याच गुडघ्यात घातली. मग निम्म्यांची फाटकी कड कापली. उरलेल्यांसाठी सर्जननं सगळी हत्यारं मागवली, गुडघा हलवला, पातं काढलेलं यंत्र बाहेरून वाटीवर दाबून धरलं. कापलं काहीच नाही. कुणाचं काय झालं, हे रुग्णांना सांगितलं नव्हतं. वर्षभरानं दोन्ही गटांचं दुखणं जवळपास सारखंच उतरलेलं होतं.